ठरावापासून ओंजळीपर्यंत

अ‍ॅशबर्नचे नाव आज जगभर घेतले जाते ते तेथील डेटा सेंटरांमुळे. नागपूर, मुंबई, पुणे, औरंगाबाद येथून संगणकाच्या नोकऱ्यांनिमित्त उत्तर व्हर्जिनियात आलेल्या आपल्या कुटुंबांनाही हे गाव प्रथम कळले ते याच ओळखीने. परंतु याच गावात, अ‍ॅशबर्न रोडवर, एका खोलीची एक जुनी शाळा उभी आहे. ती १८९२ साली बांधली गेली आणि १९५० च्या दशकापर्यंत या परिसरातील कृष्णवर्णीय मुले तेथेच शिकली. कारण गोऱ्या मुलांच्या शाळेत बसण्याची त्यांना मुभा नव्हती. २०१६ साली पाच किशोरवयीन मुलांनी या शाळेच्या भिंतींवर वर्णद्वेषी चिन्हे आणि मजकूर रंगवला. न्यायालयाने त्यांना वर्णद्वेष आणि मानवसंहार यांविषयीची पुस्तके वाचून त्यांवर लिहिण्याची शिक्षा दिली. शाळेचा जीर्णोद्धार येथील एका शाळेच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतला होता. अनेकांच्या मदतीने तो पूर्णही झाला.

आमची मुले या इमारतीवरून येता-जाता प्रश्न विचारतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी 'ब्राउन' खटल्यात वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, हे त्यांना वर्गात शिकवले जाते. मग लाउडन काउंटीतील शाळा पूर्णपणे एकत्र व्हायला १९६८ साल का उजाडावे लागले? मधल्या चौदा वर्षांत धोरण कोठे होते? मुलांच्या या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला वारंवार महाडकडे, पुण्याकडे आणि चाळीसगावकडे वळावे लागले. समाजाच्या भल्यासाठी आखलेला एखादा कार्यक्रम सफल झाला की विफल, हे कोणी ठरवायचे आणि कोणत्या मापाने, या प्रश्नाचा फार मोठा अनुभव आपल्या चळवळीच्या गाठी आहे. तो अनुभव या लेखात क्रमाने मांडावा, आणि त्याच मापाने आज आपण जेथे राहतो तेथील प्रश्नांकडे व स्वतःच्या घराकडेही पाहावे, असा आमचा हेतू आहे.

कर कोणाचा, शाळा कोणाची

लाउडन काउंटीचे मुख्य गाव लीसबर्ग. तेथे कृष्णवर्णीय मुलांसाठी धड माध्यमिक शाळा नव्हती. काउंटीच्या तिजोरीत कर त्यांचे आईवडीलही भरत होते, पण शाळा मागितली की पैसा नाही असे उत्तर मिळे. अखेर या पालकांनी 'काउंटी-वाइड लीग' नावाने एकत्र येऊन पै-पै जमवली, १९३९ साली चार हजार डॉलरला जमीन विकत घेतली आणि ती शाळामंडळाला एका डॉलरला दिली. त्या जमिनीवर १९४१ साली 'डग्लस' शाळा सुरू झाली. सरकारी अहवालात या घटनेची नोंद 'काउंटीने कृष्णवर्णीयांसाठी शाळा उघडली' अशी करता येते, आणि ती खोटीही नाही. परंतु ज्यांनी एकदा करातून आणि दुसऱ्यांदा स्वतःच्या खिशातून त्या शाळेचे मोल मोजले, त्यांना विचारले तर हिशेब निराळा निघेल.

हाच हिशेब महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली मांडला होता. हंटर शिक्षण आयोग म्हणजे सरकारने स्वतःच्याच शिक्षणधोरणाचे करून घेतलेले मूल्यमापन. त्यापुढे अनेक संस्था व विद्वान साक्ष देत होते. उच्च वर्गाला आधी शिकवावे, मग विद्या हळूहळू खालच्या थरांत झिरपेल, असा तोपर्यंतचा सरकारी समज होता. १९ ऑक्टोबर १८८२ च्या आपल्या निवेदनात जोतीरावांनी त्या समजालाच हात घातला. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या थोड्यांच्या वाट्याला जातो. तेव्हा ही विद्या झिरपली कोठे आणि किती, हे दाखवा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे आणि शिक्षक शेतकरी वर्गातूनही घ्यावेत, अशा मागण्या त्यांनी केल्या.

त्या निवेदनातील एक तपशील आजही आपल्याला थांबवतो. महार-मांगांच्या मुलांना इतर मुलांजवळ बसू दिले जात नाही, म्हणून सरकारने त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा काढल्या आहेत, हे सांगून जोतीराव पुढे नोंदवतात की अशा शाळा केवळ मोठ्या शहरांत आहेत. पुण्यात या समाजाची वस्ती पाच हजारांवर असताना शाळा एकच आहे, आणि तिच्यात तीसपेक्षाही कमी मुले आहेत. 'अस्पृश्यांसाठी शाळा आहे' हे विधान आणि 'पाच हजारांत तीसपेक्षा कमी' हा आकडा शेजारी ठेवला की धोरणाचे खरे रूप दिसते. कार्यक्रम अस्तित्वात असणे आणि तो माणसांपर्यंत पोचणे यांतील अंतर मोजण्याची रीत महाराष्ट्राला जोतीरावांनी शिकवली.

परवानगीचे धोरण

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गाला वापरू द्यावेत, असा तो ठराव होता. सप्टेंबरमध्ये सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे सूचना दिल्या. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपले चवदार तळे खुले असल्याचे ठरावाने जाहीर केले. कागदावर पाहिले तर धोरण आखले गेले, ते खालपर्यंत पोचले आणि स्थानिक संस्थेने ते स्वीकारलेही. कोणत्याही अहवालात हे यश म्हणून नोंदवले गेले असते.

प्रत्यक्षात तीन वर्षे त्या तळ्याला अस्पृश्यांचा हात लागला नाही. परधर्मीयांना, गुराढोरांना तेथे मज्जाव नव्हता. पण ज्यांच्यासाठी ठराव केला ते कोरडेच राहिले. बोल्यांनाही हे दिसत होते. म्हणून ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला : जी नगरपालिका वा लोकल बोर्ड पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाही, तिचे अनुदान रोखावे.

या पार्श्वभूमीवर १९ आणि २० मार्च १९२७ या दोन दिवसांकडे पाहावे. महाडचा सत्याग्रह हा मानवमुक्तीचा संगर होता, हे आपण दरवर्षी म्हणतो आणि ते सत्यच आहे. त्याबरोबरच तो एका सरकारी कार्यक्रमाची जाहीर तपासणीही होता. ज्यांच्यासाठी तो कार्यक्रम होता, त्यांनीच रांगेने तळ्यावर जाऊन तो तपासला. बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले, त्या क्षणी ठराव खरा की खोटा हे ठरले. त्यानंतर काय घडले ते आपल्याला ठाऊक आहे. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळ्यावरील हक्क न्यायालयात मान्य होण्यास मार्च १९३७ उजाडावे लागले. १९२३ ते १९३७, चौदा वर्षे. मुलांनी लाउडनच्या संदर्भात विचारलेली वर्षेही तितकीच निघावीत, हा योगायोग आहे. पण दोन्हीकडची कारणे योगायोगाची नाहीत.

व्हर्जिनियाने १९५४ च्या निकालाला सरळ विरोध केला. राज्याच्या नेतृत्वाने 'प्रचंड प्रतिकारा'चे धोरण पुकारले. प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर एकत्र शाळा चालवण्यापेक्षा १९५९ पासून १९६४ पर्यंत आपल्या सर्व सार्वजनिक शाळा बंद ठेवल्या. हा विरोध न्यायालयात टिकेना, तेव्हा 'निवडीचे स्वातंत्र्य' नावाची योजना पुढे आली. प्रत्येक मुलाने आपल्याला हवी ती शाळा निवडावी; कोणाला बंदी नाही. ऐकायला यात वावगे काहीच नव्हते. रिचमंडजवळच्या न्यू केंट काउंटीतील ही योजना १९६८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे 'ग्रीन' खटल्यात तपासली गेली. तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीयांची शाळा निवडली नव्हती. कृष्णवर्णीय मुलांपैकी १९६७ साली ११५ मुले गोऱ्यांच्या शाळेत गेली होती, आणि ८५ टक्के मुले होती तेथेच होती. न्यायालयाने योजनेचे शब्द बाजूला ठेवून तिचे फळ पाहिले; भेदभाव मोडण्याचे ओझे मुलांवर आणि त्यांच्या आईवडिलांवर टाकणारी योजना पुरेशी नाही, असा निर्णय दिला.

बोले ठराव आणि ही योजना यांत एक साम्य आहे. दोन्ही परवानगीची धोरणे होती. दार उघडे आहे, हवे तर या, असे सांगून दारात उभ्या असलेल्या लाठीची जबाबदारी कोणीच घेत नाही. ज्याला कामावरून काढले जाईल, ज्याच्या वस्तीवर बहिष्कार पडेल, त्यानेच धैर्य दाखवावे अशी अपेक्षा धरली जाते. आणि तो आला नाही की 'त्यालाच नको होते' असा निष्कर्ष काढायला सारे मोकळे! म्हणून कोणताही कार्यक्रम तपासताना, त्याचा लाभ घेण्याची किंमत कोणाला आणि किती मोजावी लागते, हे विचारल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही.

चार रकान्यांचा तक्ता

महाडला जाण्याच्या अवघ्या आठ दिवस आधी, १२ मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर भाषण केले. ते त्या वर्षीच विधिमंडळात आले होते. सभागृहासमोर शिक्षणाच्या प्रगतीचे सरकारी आकडे होते. त्या आकड्यांनी त्यांचे समाधान झाले नाही. त्या काळच्या सरकारी वर्गवारीनुसार त्यांनी लोकसंख्येचे चार भाग वेगळे केले : पुढारलेले हिंदू, मुसलमान, मध्यम वर्ग आणि मागास वर्ग. प्राथमिक शाळांत दर हजार लोकसंख्येमागे विद्यार्थी अनुक्रमे ११९, ९२, ३८ आणि १८. माध्यमिक शाळांत दर लाखामागे ३,०००, ५००, १४० आणि १४. महाविद्यालयांत दर दोन लाखांमागे १,०००, ५२, १४ आणि मागास वर्गाच्या रकान्यात शून्य, किंवा जवळजवळ शून्य.

एकत्रित सरासरी काढली असती तर यातले काहीही दिसले नसते. पायरी जसजशी वर जाते तसतसे अंतर कसे वाढते, हे या तक्त्याने उघड केले. जे मागे ठेवले गेले त्यांना अधिक दिल्याखेरीज समता येणार नाही, हा त्यांचा आग्रह या आकड्यांवर उभा होता. आरक्षणाचे तत्त्व आपल्या प्रांतात नवे नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजीच करवीर संस्थानात मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता. बाबासाहेबांनी त्या तत्त्वाला मोजमापाची शिस्त दिली.

पुढच्याच वर्षी, १९२८ साली, मुंबई सरकारने अस्पृश्य वर्ग आणि आदिम जमाती यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. ओ. एच. बी. स्टार्ट हे तिचे अध्यक्ष, म्हणून ती 'स्टार्ट समिती' या नावाने ओळखली जाते. तिच्यात निरनिराळ्या दृष्टीची माणसे होती. स्टार्ट सरकारी अधिकारी. ठक्करबाप्पा आदिवासींत काम करणारे गांधीवादी. बाबासाहेब आणि डॉ. पुरुषोत्तम सोळंकी बहिष्कृत वर्गाचे प्रतिनिधी. अनेक प्रश्नांवर या मंडळींचे मार्ग वेगळे होते. तरीही समितीने प्रांतात हिंडून, लोकांशी बोलून १९३० साली अहवाल दिला. शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, नोकऱ्या, जमिनी अशा ठोस बाबींवर शिफारशी केल्या. 'मागास' या एकाच शब्दाखाली सर्वांना कोंबल्यामुळे कोणाची खरी अडचण कोणती ते कळत नाही, हे ओळखून तिने अस्पृश्य वर्ग, आदिम व डोंगरी जमाती आणि इतर मागास वर्ग असे तीन भाग वेगळे करावेत असे सुचवले. वेगवेगळ्या मतांच्या लोकांनी एकत्र बसून केलेल्या मूल्यमापनाचा हा आपल्या इतिहासातील महत्त्वाचा नमुना आहे.

या समितीच्या दौऱ्यातच ऑक्टोबर १९२९ मध्ये चाळीसगावची घटना घडली. बाबासाहेबांनी ती स्वतः लिहून ठेवली आहे. चाळीसगावच्या अस्पृश्य बांधवांनी त्यांना एक रात्र मुक्कामाला थांबवून घेतले. स्थानकावरून महारवाड्यात न्यायचे तर टांगा हवा. पण महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र मिळाला नाही. वस्तीतल्याच एकाने, ज्याला टांग्याची सवय नव्हती, लगाम हाती घेतला. वाटेत पुलावर चाक अडकले, घोडा आणि टांगा खाली नदीत गेले आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला. बॅरिस्टर, विधिमंडळाचा सदस्य, सरकारने नेमलेला चौकशी अधिकारी. यांपैकी कोणतीही ओळख त्या टांग्याच्या दारात कामाला आली नाही.

अस्पृश्यतेची चौकशी करणारा माणूस चौकशीच्या दौऱ्यातच अस्पृश्यतेने जखमी होतो, ही नोंद कोणत्याही अहवालातील आकड्यांइतकीच मोलाची आहे. स्टार्टसाहेबांनी तीच वाट चालली असती तर त्यांना टांगा सहज मिळाला असता, आणि चाळीसगावविषयी लिहिण्यासारखे त्यांना काही सापडले नसते. तपासणाऱ्यांत कोण बसले आहे यावर काय दिसणार हे ठरते, ते असे.

रकानाच नसेल तर

मोजमापाचे रकाने सरकार ठरवते. त्या रकान्यांनी आपल्याच समाजाचे काय केले, हे आपल्या आजी-आजोबांना चांगले ठाऊक होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आत होती. १९६१ मध्ये ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. परंतु अनुसूचित जातींच्या यादीतील सवलती केंद्राच्या दृष्टीने हिंदूंपुरत्या आणि पुढे शिखांपुरत्या होत्या. ज्याने बौद्ध म्हणून नाव नोंदवले, तो केंद्राच्या सवलतींतून बाहेर पडला. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्रात मात्र कायद्यातील दुरुस्तीसाठी १९९० साल यावे लागले. चौतीस वर्षे अनेक घरांनी दाखल्यावर एक आणि मनात एक अशी घुसमट सोसली. त्या काळातील केंद्रीय नोकऱ्यांच्या आकड्यांत ही माणसे कोठेच दिसत नाहीत. त्यांचे नुकसान मोजायलाच रकाना नव्हता.

मूल्यमापनाविषयीचे गैरसमजही येथेच नोंदवले पाहिजेत. 'आरक्षण दहाच वर्षांसाठी होते' हे वाक्य आपण भारतात ऐकले आणि अमेरिकेतील भारतीय मेजवान्यांतही ऐकतो. दहा वर्षांची मुदत संविधानाच्या ३३४ व्या अनुच्छेदात होती आणि ती लोकसभा व विधानसभांतील राखीव जागांपुरती होती. शिक्षण आणि नोकऱ्यांतील तरतुदींना अशी मुदत घातलेली नव्हती. त्याऐवजी ३३८ व्या अनुच्छेदाने एक विशेष अधिकारी नेमून, संरक्षक तरतुदी कशा चालल्या आहेत याचे अहवाल संसदेपुढे ठेवण्याची व्यवस्था केली. म्हणजे घटनाकारांनी तपासणी टाळली नाही. तिची वाट नीट बांधून दिली.

मतभेदांचा इतिहासही आपल्या समोर आहे. काका कालेलकर यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या मागासवर्ग आयोगाने मार्च १९५५ मध्ये अहवाल दिला आणि तो सादर करतानाच्या पत्रात अध्यक्षांनीच जात हा निकष मानण्याविषयी आपली असहमती कळवली. अहवाल बासनात गेला. पुढचा आयोग, मंडल आयोग, नेमला जाण्यास १९७९ उजाडले. मतभेद असणे हे मूल्यमापनाचे वैगुण्य नव्हे, पण मतभेदाला सबब करून आकडे बाजूला सारले गेले की पिढ्या वाया जातात.

अ‍ॅशबर्नच्या दारात

आता आपल्या दाराशी येऊ. लाउडन काउंटीच्या शाळांनी २०१९ साली बाहेरच्या संस्थेकडून आपल्या शाळांतील समतेची पाहणी करून घेतली. त्याच सुमारास विशेष विज्ञान अभ्यासक्रमांच्या 'अकॅडमीज ऑफ लाउडन' या शाळेच्या प्रवेशांत कृष्णवर्णीय मुलांना डावलले जाते अशी तक्रार राज्याकडे गेली. चौकशी होऊन २०२१ साली समझोता झाला. २०२० मध्ये काउंटीने वेगळ्या शाळांच्या इतिहासाबद्दल जाहीर माफीही मागितली. शेजारच्या फेअरफॅक्समधील थॉमस जेफरसन विद्यालयात लाउडनची मुलेही जातात. तेथील प्रवेशपरीक्षा २०२० च्या अखेरीस रद्द झाली, अर्जाचे शुल्क गेले आणि प्रत्येक माध्यमिक शाळेतील वरच्या दीड टक्का मुलांसाठी जागा ठेवल्या गेल्या. पुढच्याच तुकडीत आशियाई मुलांचे प्रमाण सुमारे ७३ टक्क्यांवरून ५४ वर आले. कृष्णवर्णीय मुले सुमारे एक टक्क्यावरून सातवर, हिस्पॅनिक मुले तीनवरून अकरावर, आणि गरीब घरांतील मुले एक टक्क्याहून कमी होती ती पंचवीसवर गेली. काही पालक न्यायालयात गेले. जिल्हा न्यायालयात त्यांना यश आले, अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

या प्रश्नावर आपल्या कुटुंबांतही एकमत नाही, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. वंदनेनंतरच्या जेवणात हा विषय निघाला की आवाज चढतात. ज्यांची मुले वर्षानुवर्षे अभ्यास करत होती, त्यांचे दुःख खोटे नाही. 'गुणवत्ता' हा शब्द मात्र आपण उच्चारताना जरा थांबावे, असे आम्हाला वाटते. तो शब्द आपल्या आईवडिलांच्या तोंडावर ज्या सुरात फेकला गेला, तो सूर आपण विसरलेलो नाही. शिवाय येथेही बाबासाहेबांच्या तक्त्याची रीत लावून पाहावी. 'आशियाई' हा एकच रकाना उघडला तर त्यात संगणक अभियंत्यांची मुले आणि उपाहारगृहात राबणाऱ्यांची मुले एकत्र बसलेली दिसतात. जुन्या पद्धतीच्या शेवटच्या तुकडीत गरीब घरातील आशियाई मूल एकच निवडले गेले होते; नव्या पद्धतीच्या पहिल्या तुकडीत अशी ५१ मुले होती. एकूण आकडा घटला असे म्हणणारा आणि गरीब आशियाई मुलांना दार उघडले असे म्हणणारा, दोघेही खरे बोलतात. आपण कोणता रकाना वाचतो, यावर आपली बाजू ठरते.

नवी पद्धत निर्दोष आहे असेही आम्ही म्हणत नाही. आत आलेल्या मुलांना पुढे आधार किती मिळतो, ती टिकतात का, गणिताची तयारी ज्या प्राथमिक शाळांत कच्ची राहते तेथे काय बदलले, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. जोतीराव तेथेही पाच हजारांत किती, असेच विचारते झाले असते.

आपले घर

सर्वांत अवघड तपासणी स्वतःच्या घराची असते. परदेशात आलेल्या आपल्या कुटुंबांकडे बोट दाखवून कोणी म्हणतो, योजना यशस्वी झाल्या. कोणी म्हणतो, आता त्यांची गरज उरली नाही. दोन्ही निष्कर्ष एकाच चुकीतून निघतात. बाबासाहेबांच्या प्रयत्नांतून १९४४ मध्ये सुरू झालेली शालान्तोत्तर शिष्यवृत्ती, पीपल्स एज्युकेशन सोसायटीची महाविद्यालये, वसतिगृहातील दोन वेळचे जेवण. यांच्या आधाराने जे पोचले ते आपण. जे अर्ध्या वाटेवर गळाले, ज्यांची शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर आली, ज्या बहिणींचे शिक्षण भावासाठी थांबले, ते अ‍ॅशबर्नच्या दिवाणखान्यात साक्ष द्यायला नाहीत. केवळ पोचलेल्यांना मोजून रस्ता चांगला होता असे ठरवता येत नाही.

आणि जे आपल्याही मागे राहिले त्यांचे काय? १ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा मताने, अनुसूचित जातींच्या अंतर्गत उपवर्गीकरण करण्यास राज्यांना मुभा दिली. त्यासाठी प्रत्यक्ष आकडेवारीचा आधार हवा अशी अटही घातली. यावर आपल्या चळवळीत तीव्र मतभेद आहेत. समाजाची फाटाफूट होईल, ही भीती निराधार नाही. फोडा आणि राज्य करा याचा अनुभव आपल्याला आहे. पण मातंग, वाल्मीकी आणि इतर लहान जातींतील भावंडे जेव्हा विचारतात की आमच्या रकान्यात किती, तेव्हा 'एकी राखा' एवढेच उत्तर देणे आपल्याला शोभत नाही. १९२७ चा तक्ता आणि १९३० ची तीन भागांची शिफारस ज्या तत्त्वावर उभी आहे, तेच तत्त्व ते आपल्यासमोर ठेवत आहेत. आकडे आधी मागू या, सर्वांचे आणि वेगवेगळे. आपल्याला गैरसोयीचे निघाले तरीही. निष्कर्षावर भांडायला नंतर वेळ आहे.

धम्माच्या गुणांचे स्मरण करताना आपण दर आठवड्याला 'एहिपस्सिको' हा शब्द म्हणतो. या आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. केसपुत्तच्या कालामांनाही तथागतांनी ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर वा गुरूच्या शब्दावर विसंबू नका, अनुभवाने पारखून घ्या, असेच सांगितले. बाबासाहेबांनी ठरावाची पारख तळ्याच्या पायऱ्या उतरून केली. आपण ज्या कार्यक्रमांचे लाभार्थी आहोत, ज्यांचे विरोधक आहोत आणि ज्यांविषयी उदासीन आहोत, त्या सर्वांना तीच पारख लावावी लागेल. कोणाला वेगळे मोजले आहे? लाभ घेण्याची किंमत कोण मोजतो? आणि तपासणाऱ्यांत तो स्वतः बसला आहे का?

पुढल्या २० मार्चला, महाडच्या स्मृतिदिनी, मुलांना घेऊन अ‍ॅशबर्न रोडवरच्या त्या एका खोलीच्या शाळेसमोर काही वेळ उभे राहावे, असे आम्ही योजिले आहे. निकाल १९५४ साली लागला होता, मग १९६८ का, हा त्यांचा प्रश्न तेथेच पुन्हा घेऊ. उत्तर सांगण्याआधी त्यांना चवदार तळ्याची हकिकत सांगू.

जय भीम!